गुलाबाखालचे सुविचार

(बेळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणाऱ्या सुविचारांचा वैताग का येतो, हा विषय ऐकूनच पुढच्या रांगेतले दोघे-तिघे हसले, म्हणजे तुमचेही फोन सकाळी भरत असणार.

शाळेत आपण फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार लिहायचो. रंगीत खडूनं, खाली वेलबुट्टी काढून. त्याचा कुणाला राग आल्याचं मला आठवत नाही. दिवसाला एकच असायचा, आणि ‘परिश्रम’मधली वेलांटी चुकली की गुरुजी सगळ्यांदेखत पुसायला लावायचे. आता उजाडायच्या आत दवात भिजलेला गुलाब, वाफाळता कप आणि त्यावर आयुष्याचं सार, असा ढीग येऊन पडतो. पण ढिगाचं काय, पुसता येतो. वैताग येतो तो दुसऱ्याच कारणानं.

ही वाक्यं खोल वाटतात, उतरायला गेलं की पाऊल ओलं होत नाही. २०१५ साली कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात गॉर्डन पेनिकुक आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भारदस्त शब्द संगणकाकडून कसेही जुळवून घेतले. व्याकरण बरोबर, अर्थाचा पत्ता नाही. लोकांना विचारलं, यात किती खोल विचार आहे? बऱ्याच जणांना तो दिसला! त्याआधी २०००च्या सुमारास मॅथ्यू मॅकग्लोन यांच्या अभ्यासात आढळलं, की तीच गोष्ट यमकात सांगितली तर जास्त खरी वाटते. आपल्या मराठीत यमकाला काय तोटा? ‘नाती’ला ‘माती’ आणि ‘वेळ’ला ‘मेळ’ तयारच असतो.

वर कुणाचं तरी नाव चिकटवायचं. पुलंचं, वपुंचं, नाहीतर कलामसाहेबांचं. पुलंनी आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलंय. शिवी हासडल्याशिवाय ज्यांना माया करता येत नव्हती, त्या बेळगावच्या रावसाहेबांवर जीव लावून लिहिलेला हा लेखक ‘नाती जपा, फुलं वेचा’ असलं लिहील काय? एकदा तर एकच वाक्य मराठी ग्रुपवर पुलंच्या फोटोखाली आणि कन्नड ग्रुपवर एका स्वामीजींच्या फोटोखाली बघितलं. या एका बाबतीत तरी आपल्याकडं सीमावाद नाही.

आता मुख्य गोष्ट. २०१९चा ऑगस्ट आठवा. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, नदीकाठची गावं पाण्यात होती. आमच्या ग्रुपवर कारदग्याच्या एकानं विचारलं, ‘पुलावरनं गाडी जाते काय? आईला दवाखान्यात न्यायचंय.’ त्याच्या बरोबर खाली गुलाब आला : ‘रस्ता संपला असं वाटतं, तिथंच आयुष्याचं नवं वळण असतं.’ त्याला भराभर हात जोडलेलेही आले. पाठवणाऱ्यानं काही मुद्दाम केलं नव्हतं. त्यानं वरचं वाचलंच नव्हतं.

सगळी गोम इथं आहे. म्हण आपण प्रसंग बघून काढतो. चुकीच्या जागी काढली तर लोक हसतात. या सुविचाराला प्रसंगच लागत नाही. तो कुणालाही, केव्हाही चालतो, म्हणून समोरचा काय बोलतोय हे ऐकायचं कामच उरत नाही. आणि ज्याचं ऐकलं गेलं नाही, तो चिडणारच की! तुकोबा बघा. दुष्काळात बायको अन्न अन्न करत मेली, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गुलाबावर छापलेल्या ‘तुका म्हणे’त ते मला अजून दिसलेलं नाही.

निपाणीत विडी वळणारी बाई बघा. मांडीवर सूप, पान कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागं. खराब म्हणून बाजूला टाकल्या, त्या तिच्या अंगावर. अशा एका बाईच्या मोबाइलवर तिच्याच पोरानं पाठवलेलं मी वाचलंय, ‘विचार बदला, नशीब बदलेल.’ म्हणजे आजवर बदललं नाही, त्यात चूकही तिच्याच विचारांची. हजारी दर कोण ठरवतं, हे विचारायलाच नको!

मात्र पाठवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर हसू नका. खानापूर तालुक्यात कितीतरी घरांत दोघंच असतात, पोरं पुण्याला, गोव्याला नाहीतर बेंगळूरूला. त्यांचा गुलाब ही हजेरी आहे. आमच्या मामांचा आला नाही की मावसभाऊ फोन लावतो. त्यावर काय लिहिलंय ते आम्ही वाचत नाही, मामाही वाचत नसावेत. तेवढ्यापुरतं चालतं. मयताच्या घरी मात्र हजेरीनं भागत नाही. तिथं शेजारणी भाकरी-पिठलं घेऊन येतात. ‘मरण कुणाला चुकलंय’ असं सांगणारे एखादे काका तिथंही असतात म्हणा, पण त्यांच्या शेजारी फार वेळ कुणी टेकत नाही.

(शेवटी श्रोत्यांतून प्रश्न आला : ‘सर, आमच्या ग्रुपचे ॲडमिनच सगळ्यात जास्त पाठवतात. काय करायचं?’)

आलेत काय ते आज? आलेत! मग बाहेर गेल्यावर त्यांना चहा पाजा आणि गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलंय ते विचारा. मी त्याच ग्रुपवर आहे. त्यांनी गेल्या आठवड्यात सांगितलं होतं, दोन गुलाबांच्या मध्ये.