पंचवीस सेंटांचा जेरोनिमो

(पडद्यावर: तपकिरी छटेतला एक म्हातारा चेहरा)

डोक्याला फडकं बांधलेलं. अंगाभोवती घोंगडी. कपाळापासून हनुवटीपर्यंत सुरकुत्याच सुरकुत्या. हा जेरोनिमो, अमेरिकेतल्या चिरिकाहुआ अपाची या आदिवासी जमातीचा लढवय्या. आज हे चित्र हव्या त्या आकारात छापून मिळतं. लोक हौसेनं दिवाणखान्यात लावतात.

अमेरिकी फोटोग्राफर एडवर्ड कर्टिसनं हा फोटो काढला मार्च १९०५ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा शपथविधी. त्या मिरवणुकीत जेरोनिमो घोड्यावर बसणार होता. होता मात्र युद्धकैदी! अमेरिकी सैन्याला शरण येऊन अठरा वर्षं उलटली होती. मिरवणुकीनंतर त्यानं रूझवेल्टना भेटून अ‍ॅरिझोनाला परत जाऊ द्या, अशी विनवणी केली. नकार मिळाला. फोर्ट सिल या लष्करी तळावर १९०९ साली तो वारला, कैदेतच.

(पडद्यावर: छापाचा जवळून भाग, कागदाचा पोत)

अमेरिकेतल्या आदिवासींवरच्या कर्टिसच्या ग्रंथमालिकेचा पहिला खंड १९०७ चा, विसावा १९३० चा. चित्रं छापली ती तांब्याच्या पत्र्यावरून. पत्रा आम्लानं कोरायचा, खाचांत शाई भरायची, वरची पुसायची आणि कागदावर दाब द्यायचा. म्हणून या सावल्या इतक्या मऊ. देखणं काम आहे, वादच नाही. पण या मऊ अंधारात पहारा कुठेच दिसत नाही.

(पडद्यावर: उजाड माळ, बंदूकधारी माणसं)

आता हा फोटो बघा. मार्च १८८६, मेक्सिकोतलं सोनोरा. जेरोनिमोची अमेरिकी सैन्याच्या जनरल क्रूकशी बोलणी चालू आहेत आणि टूमस्टोन गावचा फोटोग्राफर कॅमिलस फ्लाय मधेच कॅमेरा लावून उभा. कोणी कुठे उभं राहायचं, हेही तोच सांगतोय, धाडसच म्हणायचं. इथे सावल्या मऊ नाहीत. रखरखीत ऊन आहे आणि अपाचींच्या हातातल्या बंदुका अजून त्यांच्याच आहेत. मला विचाराल तर भिंतीवर हा लावावा.

(पडद्यावर: सेंट लुईसचं प्रदर्शन, १९०४)

जेरोनिमोनं स्वतःही आपले फोटो विकले. सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात, पहाऱ्यात. एका फोटोचे पंचवीस सेंट, त्यातले दहा त्याला. सहीचे पैसे मात्र सगळे त्याचे: कधी दहा, कधी पंधरा, कधी पंचवीस सेंट. सहीतलं ‘जेरोनिमो’ हे नाव मेक्सिकन लोकांनी पाडलेलं. घरचं नाव गोयाथ्ले, म्हणजे जांभई देणारा.