दोन भिंगं, पण फूटपट्टी कुठून लावायची?

परवा नागपुरात बर्डीवर चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. ती भिंगं बदलून बघायची जड ट्रायल फ्रेम नाकावर चढवली की माणूस कसा दिसतो ते तुम्हाला माहितीच आहे, तर त्या भाऊंनी आधी प्लस १ टाकलं, मग त्याच्यावर अजून प्लस अर्धं टाकलं, विचारलं आता बरं का, आणि कार्डावर लिहिलं १.५०. आजचं अर्धं लेक्चर तिथंच झालं म्हणा नं.

कारण २० सेंमी फोकल लेंथचं (म्हणजे लांबून आलेले किरण भिंगामागे जिथं गोळा होतात, तिथवरचं अंतर) एक बहिर्वक्र भिंग आणि ३० चं दुसरं चिकटवलं तर दोघांची मिळून फोकल लेंथ किती, असं विचारलं की मागच्या बाकावरून हमखास ५० येतं. अरे, दोघंही प्रकाश आतच वाकवतात, मग फोकस लांब कसा जाईल? बेरीज होते ती पॉवरची, चष्म्याचा नंबर म्हणजे तीच. १ भागिले मीटरमधली फोकल लेंथ, म्हणजे ५ आणि ३.३३, मिळून ८.३३ डायऑप्टर, त्याचे १२ सेंमी. संपलं.

आता तीच भिंगं १० सेंमी लांब ठेवा. मग बेरजेतून एक गोष्ट वजा करायची, अंतर गुणिले दोन्ही पॉवर. ०.१ गुणिले ५ गुणिले ३.३३, झाले १.६७. उरले ६.६७, म्हणजे १५ सेंमी.

इथंच कॉलेजात असताना माझी फजिती झाली. मे महिन्यातलं आपलं ऊन, भिंगं पट्टीवर बसवलेली, मागे कागद सरकवतोय (भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, कधीच नाही), आणि ठिपका बारीक झाला तो दुसऱ्या भिंगापासून साडेसात सेंमीवर! पट्टी उलटी फिरवली, ३० चं भिंग सूर्याकडे केलं, तर १० वर. मी सरांना सांगून मोकळा, की फॉर्म्युलाच चुकला.

फॉर्म्युला नव्हता चुकला, माझी फूटपट्टी चुकली होती. पहिलं भिंग किरणांना २० सेंमीवर गोळा करायला निघालं, १० वरच दुसरं आडवं आलं, उरलेल्या १० चे त्यानं साडेसात केले. पण शेवटचा किरण सरळ मागे वाढवत न्या, सूर्याकडून आलेल्या मूळ किरणाच्या सरळ रेषेला तो जिथं भेटतो तिथून मोजा, १५ भरतात. ती जागा भिंगावर नाहीच, मधल्या हवेत आहे, दुसऱ्या भिंगाच्या साडेसात सेंमी आधी.

पटत नसेल तर ठिपक्याचा आकार बघा. तो ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा, रुंदी फोकल लेंथच्या साधारण १०८ व्या भागाइतकी. पट्टी सुलटी असो की उलटी, ठिपका १.४ मिलिमीटरच्या आसपासच. एकट्या २० च्या भिंगाचा १.९ च्या जवळ. मला तर हे गणितापेक्षा जास्त पटलं, ग्राफ पेपरावर दिसतं आणि लगेच कागदाला भोकही पडतं.

आता अंतर ५० करा. वजा होणार ८.३३ आणि पॉवर शून्य. पोरं म्हणतात बिघडलं! बिघडलं कुठं, दुर्बीण झाली. ३० चं पुढे धरून गच्चीवरून भाचीला सीताबर्डीचा किल्ला दाखवला, दीडपट मोठा पण उलटा, तर ती ओरडली, "मामा, तोफा पडतीन नं खाली!"