मागेल त्याला काम: रोजगार हमी कशी घडली

(दृश्य: पगाराची स्लिप. कॅमेरा 'व्यवसाय कर' या ओळीवर थांबतो.)

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. हा कर १९७५ मध्ये आला तो एका ठरावीक कामासाठी: खेड्यात हाताला काम नसलेल्या माणसाला मजुरी देता यावी म्हणून. कल्याणकारी योजनेची घोषणा करायला वेळ लागत नाही, पण तिच्यासाठी नवा कर बसवायला हिंमत लागते. महाराष्ट्रानं ती दाखवली होती.

मूळ कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला. ज्याची अंगमेहनत करायची तयारी आहे त्याला सरकारनं काम द्यायचं, आणि ते काम असं निवडायचं की त्यातून गावात पाणी अडेल, जमीन सुधारेल. १९७२ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, योजना राज्यभर जाहीर झाली. त्याच वर्षी पावसानं दगा दिला.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. खडी फोडणाऱ्या बायका, डोक्यावर मातीच्या पाट्या.)

बहात्तरच्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, पाझर तलावांवर माती टाकत होती, सुकडीवर (दुष्काळात वाटलेल्या कोरड्या आहारावर) दिवस काढत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा ५० लाखांच्या घरात गेला. इतक्या माणसांना काम पुरवता येतं, हे त्या उन्हाळ्यात सिद्ध झालं. मात्र ते काम सरकारच्या मर्जीवर होतं. टंचाई जाहीर झाली तर निघायचं, पाऊस पडला की बंद व्हायचं. रोजगार हमीनं हा क्रम उलटा केला. आधी मजुराची मागणी, मग सरकारची धावपळ.

१९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. व्यवसाय कराबरोबर इतरही काही करांचा वाटा रोजगार हमी निधीत जाणार, आणि जितकी रक्कम जमेल तितकीच भर राज्य सरकार स्वतःची घालणार, अशी सोय होती. आमच्या मते या कायद्याचा कणा तो हाच. मजुरीच्या पैशासाठी दर अर्थसंकल्पात हात पसरायची वेळ येऊ नये, हे आधीच पाहिलं गेलं.

आता हमी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. गावातल्या प्रौढ माणसानं नाव नोंदवायचं, मग कामाची मागणी करायची. मागणीच्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळालं पाहिजे, नाही तर बेकारी भत्ता. गाडी अडते ती इथेच. मागणी तोंडी केली, तर १५ दिवस कुठून मोजणार? अर्ज ठेवून घेतला, "काम निघालं की सांगतो" म्हणून परत पाठवलं आणि पोच दिली नाही, तर कागदोपत्री त्या माणसानं काम मागितलेलंच नसतं. गावोगावच्या मजूर संघटना तारीख घातलेल्या पोचपावतीसाठी इतक्या भांडत आल्या, त्याचं कारण हे.

दुसरी अडचण कामांच्या साठ्याची. मंजुरी मिळालेली कामं, मोजणी आणि अंदाजपत्रकासह, आधीपासून तयार असावी लागतात. त्यांना 'शेल्फवरची कामं' म्हणतात. हे शेल्फ रिकामं असेल, तर मागणी आल्यावर जागा शोधण्यापासून सुरुवात होते आणि १५ दिवस कधीच उलटून जातात.

(दृश्य: खोदलेला चर. मध्ये मातीचा खुंट. फुटपट्टी.)

तिसरी गोष्ट मोजमाप. मजुरी नुसत्या हजेरीवर ठरत नाही, झालेल्या कामावर ठरते. समजा, दहा जणांच्या टोळीनं १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल खोदलं. काम झालं १५ घनमीटर. खोली पुढे वादात येऊ नये म्हणून मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा खुंट राखतात. तो मोजणीआधी ढासळला आणि वहीत खोली २५ सेंटिमीटर लिहिली गेली, तर काम साडेबारा घनमीटरवर येतं. प्रत्येकाच्या मजुरीचा सहावा हिस्सा गेला. जमीन कठीण मुरमाची असताना नुसती 'माती' लिहिली, तर दरच खाली येतो. माती किती लांब आणि किती उंच वाहून नेली, याचेही पैसे वेगळे असतात, आणि तेच लिहायचे राहून जातात. मजुरी कमी पडली की पहिला प्रश्न विचारायचा तो मोजमाप वहीत काय लिहिलंय, हा.

राज्याच्या कायद्यात एक जागा मात्र फार कच्ची होती. बेकारी भत्ता सुरुवातीला दिवसाला जेमतेम १ रुपया होता. काम न देण्याची किंमत इतकी कमी असेल, तर यंत्रणेला घाई कशाची?

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानं ही जागा बुजवली. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला, १ एप्रिल २००८ पर्यंत देशभर पोहोचला. २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं. एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, ते १५ दिवसांत न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा भत्ता, अशी त्यात तरतूद होती. खरी मेख पैशाच्या वाटणीत होती. अकुशल मजुरी केंद्र देणार आणि बेकारी भत्ता राज्य. म्हणजे काम दिलं तर मजुरी दिल्लीच्या तिजोरीतून, नाही दिलं तर भत्ता राज्याच्या खिशातून. तरीही भत्ता क्वचितच हाती पडला, कारण मागणीची तारीखच नोंदवली जात नव्हती.

महाराष्ट्रानं आपला जुना कायदा त्या वेळी मोडीत काढला नाही. २००६ मध्ये त्यात दुरुस्ती केली: पहिल्या १०० दिवसांचा भार केंद्राच्या योजनेवर, आणि १०१ व्या दिवसापासून मागेल त्याला काम द्यायची जबाबदारी राज्याची.