एकाच पक्ष्यात दोन पक्षी

(दृश्य: लाकडी फळीवर अख्खी कच्ची कोंबडी. सुरीचं टोक मांडीच्या सांध्यापाशी.)

तंगडी धरून हलकेच बाहेर ओढली की मांडी आणि छाती यांच्यामधली कातडी ताणली जाते. सुरीचं टोक तिथे नुसतं टेकवायचं. कातडी उलगडते आणि आत दोन रंगांचं मांस शेजारी शेजारी दिसतं. छातीचं फिकट गुलाबी, मांडीचं गडद आणि तांबूस. मधली रेघ इतकी स्पष्ट, की दोन वेगवेगळ्या पक्ष्यांचं मांस कुणीतरी एकत्र जोडलंय असं वाटावं.

पक्ष्याचं मांस आवडीने खाणाऱ्या आणि रांधणाऱ्या प्रत्येकाने ही रेघ एकदा नीट पाहावी. रेस्टॉरंटमध्ये बदकाची छाती आतून गुलाबी का वाढतात, घरच्या ग्रिलवर कोंबडीची छाती चोथ्यासारखी कोरडी होते तरी मांडी हाडापाशी कच्चीच का राहते, याचा उगम तिथे आहे.

(दृश्य: अंगणात माती उकरणाऱ्या कोंबड्या.)

कोंबडी दिवसभर पायांवर असते. चालते, उकरते, उभी राहते. हे थांबून थांबून करायचं काम नाही, त्यामुळे पायांच्या स्नायूंना प्राणवायू सतत लागतो. तो धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे मायोग्लोबिन, आणि मांसाचा लालपणा त्याचाच. छातीचे स्नायू मात्र पंख हलवण्यासाठी असतात. कोंबडीचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा आजही धोका दिसला की फडफडत वर उठतो, थोडं अंतर कापतो आणि खाली उतरतो. क्षणभराचा जोर आणि मग विश्रांती. अशा स्नायूंना मायोग्लोबिन फारसं लागत नाही, म्हणून ते फिकट. माणसाने पाळलेल्या कोंबड्यांचे सर्वांत जुने खात्रीशीर अवशेष थायलंडमधल्या बान नॉन वॉट इथले मानले जातात, इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 या काळातले. इतक्या पिढ्या माणसापाशी काढूनही छातीचा रंग बदललेला नाही.

आता बदक पाहा. मस्कोव्ही जात सोडली तर जगातली सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या रानटी बदकाची वंशज आहेत, आणि मॅलार्ड ऋतू बदलला की शेकडो किलोमीटर उडत जातो. लांब उडायचं तर छातीला दमसास हवा. म्हणून बदकाची छाती लालभडक. उत्तर अमेरिकेतल्या वुडकॉक या पक्ष्याचं तर सगळंच उलटं. त्याची छाती गडद आणि पाय फिकट असतात. पक्षी कसा जगला ते त्याच्या मांसात उतरतं, आणि ते कसं शिजवायचं हेही तिथेच ठरतं. मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

कारण शिजताना ही दोन मांसं दोन वेगळ्या वाटांनी जातात. छातीत चिवट तंतू कमी. साधारण 65 अंश सेल्सियसला ती रसरशीत असते, 75च्या पुढे गेली की तिच्यातलं पाणी पिळून निघतं. मांडीत सांध्यांभोवती कोलॅजन हे चिवट प्रथिन असतं. ते 70 अंशांच्या वर गेल्यावर हळूहळू विरघळून मऊ होतं, म्हणून मांडी 80 किंवा त्याहून थोडी वर गेली तरच खाताना हाडावरून अलगद सुटते. म्हणजे एकाच पक्ष्याला एकाच वेळी दोन तापमानं हवीत. चांगल्या स्वयंपाकघरांनी या अडचणीवर काढलेल्या तोडी पाहण्यासारख्या आहेत.

(दृश्य: रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर. थंड तव्यावर कातडीची बाजू खाली ठेवलेली बदकाची छाती.)

तवा थंड आहे, हे लक्षात घ्या. बदकाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तापलेल्या तव्यावर टाकली तर कातडी वरून करपते आणि चरबी आत तशीच राहते. म्हणून कातडीवर तिरक्या चिरा द्यायच्या, पण सुरी मांसापर्यंत जाऊ द्यायची नाही, आणि थंड तव्यावर ठेवून खाली मंद आंच लावायची. आधी काहीच ऐकू येत नाही. मग बारीक कुरकुर सुरू होते, चरबी पाझरून तव्यात जमते आणि कातडी स्वतःच्याच चरबीत तळली जाते. दहा-बारा मिनिटांनी ती सोनेरी, पातळ आणि कुरकुरीत झालेली असते. मग मांसाची बाजू जेमतेम एखादा मिनिट खाली. कापली की आतून गुलाबी. त्याच बदकाचे पाय मात्र शेजारच्या भांड्यात, बदकाच्याच चरबीत बुडवून, कित्येक तास मंद आंचेवर. एक पक्षी, दोन भांडी, दोन वेळा.

पॅरिसच्या ला तूर दार्जां या रेस्टॉरंटमध्ये 1890पासून प्रत्येक बदकाला क्रमांक देण्याची पद्धत आहे. तिथल्या प्रसिद्ध पदार्थात छातीचे काप आधी वाढतात. सांगाडा चांदीच्या दाबयंत्रात पिळून त्यातल्या रक्त-रसाचा सॉस त्यांच्यासाठीच करतात. पाय मागाहून, वेगळे भाजून येतात. बेइजिंगमध्ये 1864 साली सुरू झालेल्या छ्वानज्यूदने बदक भट्टीत टांगून, फळझाडांच्या लाकडावर भाजण्याची रीत नावारूपाला आणली. त्या बदकाच्या कातडी आणि मांसामध्ये आधी हवा भरतात, वर माल्टोज या साखरेचं पाणी ओततात आणि ते टांगून सुकवतात. हवा भरल्यामुळे कातडी मांसापासून सुटी होते, चरबीला वाहून जायला वाट मिळते. उरलेल्या हाडांचं सूप.

जपानी याकितोरी तर यापुढे जाते. तिथे अख्खी कोंबडी कधी भाजतच नाहीत. मांडीचे तुकडे आणि पातीचा कांदा एका काडीवर, कातडी घड्या घालून दुसरीवर, कुर्चा तिसरीवर, काळीज, पंखाचं टोक, शेपटीजवळचा चरबीदार तुकडा, प्रत्येकाची काडी वेगळी आणि निखाऱ्यावरची वेळही वेगळी. पक्षी समजून घेण्याचा याहून काटेकोर प्रकार मला माहीत नाही.

रेस्टॉरंटमध्ये पक्षी मागवताना म्हणूनच निःसंकोच विचारावं: कुठला भाग आहे, किती शिजवता, कातडीसकट आहे का? बदकाची छाती गुलाबी देतात, पण ती आतून 60 अंशांच्या आसपासच पोचलेली असते. गरोदर स्त्रियांनी, लहान मुलांनी, वृद्धांनी आणि आजारी माणसांनी ती पूर्ण शिजवून मागावी.

(दृश्य: थाळीत अख्खा भाजलेला लावा. हात त्याचा पाय मोडतात.)

लावा मात्र हातानेच खायचा. सुरी-काट्याने त्याच्या हाडांवरचं निम्मं मांस थाळीतच राहतं. दीड-दोनशे ग्रॅमचा हा पक्षी. जपानी लाव्याची अंडी 17 ते 18 दिवसांत फुटतात आणि सहा आठवड्यांत पक्षी ताटात यायच्या वयाचा होतो. रेस्टॉरंटमध्ये मिळणारे लावे आणि गिनी फाउल बहुतेक सगळे पाळलेले असतात, फेझंट आणि तितरही बऱ्याचदा.

खरोखर रानातला पक्षी म्हणजे वेगळी गोष्ट, आणि इथे थोडं थांबायला हवं. ब्रिटनमधला रेड ग्राउस व्यापारी तत्त्वावर कुणी पाळू शकलेलं नाही. त्याची शिकार 12 ऑगस्टला सुरू होते आणि 10 डिसेंबरला थांबते. उरलेले महिने कायद्याने बंदी. हेदर नावाच्या झुडपांचे कोवळे शेंडे खाऊन वाढल्याने त्याच्या मांसाला कडसर, रानटी वास असतो, तो कुठल्याही मसाल्याने आणता येत नाही. रानपक्षी काही दिवस थंड जागी टांगून ठेवतात. मांसातलीच एन्झाइमं त्याला हळूहळू मऊ करतात आणि वास गडद होतो. अशा पक्ष्यात छऱ्याचा दाणा राहिलेला असू शकतो, आणि तो शिशाचा असेल तर विषारीही. म्हणून सावकाश चावून खावं, आणि वारंवार खाऊ नये.

पण प्रवासी कबुतराची गोष्ट सांगितल्याशिवाय रानपक्ष्यांच्या चवीबद्दल बोलू नये असं मला वाटतं. उत्तर अमेरिकेत या कबुतरांचे थवे एकेकाळी सूर्य झाकून टाकत. एकोणिसाव्या शतकात ती पिंपं भरभरून शहरांतल्या बाजारांत आणि खाणावळींत गेली. जातीतलं शेवटचं कबूतर, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. एक आख्खी जात माणसाने खाऊन आणि तिची जंगलं तोडून संपवली. जिथे शिकारीला बंदी आहे तिथे रानपक्षी ताटात येऊच नये. पाळलेला लावा किंवा तितर चवीला पुरेसा आनंद देतो.

(दृश्य: मोकळ्या जागेत ग्रिल. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर.)

आता घरचा ग्रिल. रेस्टॉरंटमध्ये दोन भांडी असतात. घरी एकच जाळी, मग दोन तापमानं आणायची कुठून? उत्तर सोपं आहे: निखारे सगळीकडे पसरायचे नाहीत. सगळे एका बाजूला ओढायचे, दुसरी बाजू रिकामी ठेवायची. एका बाजूला थेट धग, दुसरीकडे झाकणाखालची भट्टीसारखी उष्णता.

कोंबडी अख्खी, पण उघडून. कणा मजबूत कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून काढा, पक्षी उलटा करा आणि छातीच्या मध्यावर तळवा ठेवून जोर द्या. हाड कट्‌कन मोडतं आणि कोंबडी पुस्तकासारखी सपाट पडते. आता ती जाळीवर अशी ठेवा की पाय निखाऱ्यांकडे आणि छाती थंड बाजूला येईल. पायांना जास्त उष्णता, छातीला कमी. पक्ष्याला हवी होती तशी दोन तापमानं एकाच जाळीवर मिळतात. हाडांची बाजू खाली, झाकण बंद, आणि मग उगाच उचलून पाहत बसू नका.

त्याआधी, आदल्या रात्री, मीठ. एक किलोच्या पक्ष्याला 12 ते 15 ग्रॅम, कातडीवर आणि जमेल तिथे कातडीखालीही चोळून, फ्रिजमध्ये न झाकता. मीठ आधी पाणी ओढून काढतं, मग त्याच खाऱ्या पाण्यासकट पुन्हा आत मुरतं आणि मांसातली प्रथिनं सैल करतं. सैल झालेली प्रथिनं शिजताना कमी आकसतात, रस धरून ठेवतात. उघड्यावर कातडी सुकते, आणि सुकलेलीच कातडी खरपूस होते. ओल्या कातडीची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. मांसाला खमंग रंग देणारी मेयार्ड प्रक्रिया साधारण 140 अंशांनंतर जोर धरते, आणि पाणी असेपर्यंत तापमान 100च्या वर जात नाही.

याच कारणासाठी कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. शिवाय धुताना उडणाऱ्या थेंबांबरोबर सालमोनेला आणि कँपिलोबॅक्टर हे जंतू ओटाभर पसरतात. ते मरतात ते उष्णतेने. कागदाने टिपून घ्या, एवढं पुरे.

शिजलं की नाही हे रंगावरून ओळखायचं नाही. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातली मज्जा पाझरते, त्यामुळे पूर्ण शिजलेलं मांसही हाडापाशी लालसर दिसू शकतं. थर्मामीटरची सुई छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता. अमेरिकेच्या कृषी खात्याने पक्ष्यांच्या मांसासाठी 74 अंशांची मर्यादा ठरवली आहे. आदल्या रात्री मीठ लावलेली छाती त्या आकड्यावरही रसरशीत राहते. तिथे पोचली की उतरवा, थांबू नका.

शेवटच्या पाच मिनिटांत कातडीची बाजू निखाऱ्यांवर. चर्र आवाज येतो, चरबी ठिबकते, ज्वाळा उठते. चिमटा हातात ठेवा आणि ज्वाळा उठली की पक्षी थंड बाजूला सरकवा. साखर किंवा मध असलेला सॉस लावायचा तर तो आत्ताच, आधी लावला तर करपून कडू होतो.

लाव्याला हा सगळा खटाटोप नको. तो इतका पातळ की छाती आणि पाय यांच्यातला फरक उरतच नाही. उघडून, तेल-मीठ लावून, थेट धगीवर आठ-दहा मिनिटं. फेझंट आणि तितराला चरबी कमी, म्हणून छातीवर लोण्याचा किंवा चरबीचा थर हवाच. बदक अख्खं निखाऱ्यांवर मात्र ठेवू नका. चरबी इतकी ठिबकते की ज्वाळा आवरत नाहीत.

(दृश्य: भाजलेली कोंबडी फळीवर. सुरी बाजूला ठेवलेली.)

दहा मिनिटं हात लावू नका. मग मांडी, छाती, पंख वेगळे करा. सांगाडा उलटा केलात तर पाठीला, मांडीच्या सांध्याजवळ दोन्ही बाजूंना एकेक छोटा गोल तुकडा दिसेल, अंगठ्याच्या पेराएवढा. बोटाने दाबला की सुटा होतो. अख्ख्या पक्ष्यातलं सर्वांत मऊ मांस ते, आणि बहुतेक घरांत ते हाडांबरोबर फेकलं जातं. जो कापतो त्याने ते तिथेच उभ्या उभ्या खावं.

उरलेली हाडं आणि काढून ठेवलेला कणा थंड पाण्यात घालून मंद आंचेवर ठेवा. खळखळून उकळू देऊ नका, वर येणारा फेस काढत राहा. तीन तासांनी गाळलेला रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की त्याची जेली होते. पाय, पंख आणि सांध्यांतलं कोलॅजन सगळं त्यात उतरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी भात त्यातच शिजवा.