नाकापेक्षा मोती जड: नेहमीच्या कंपनीची आलिशान गाडी

नमस्कार मंडळी.

आज गाड्यांबद्दल बोलायचंय, पण मायलेज किंवा टायर वगैरे नाही. प्रश्न असा आहे की ज्या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर पावलोपावली दिसतात, जिचं नाव घेतलं की साधी, भरवशाची, घरच्या वापराची गाडी डोळ्यापुढे येते, त्या कंपनीनं उद्या मर्सिडीज एस क्लासच्या तोडीची गाडी काढली आणि किंमतही तशीच लावली, तर लोक ती घेतील का? माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला मनातल्या मनात भांडता येईल. अशी गाडी बनवणं जमतं, अगदी उत्तम जमतं. विकणं मात्र दोनच परिस्थितीत जमतं, एकतर ती गाडी असं काही करून दाखवते की चिन्हाकडे कोणाचं लक्षच जात नाही, नाहीतर मग चिन्ह, शोरूम, माणसं सगळं वेगळं काढून कंपनी वर्षानुवर्षं कळ काढते. मधला रस्ता मला तरी कुठे दिसलेला नाही.

सगळ्यात आधी फोक्सवॅगन फेटॉनची गोष्ट, कारण माझ्या मते या विषयातलं सगळं या एका गाडीत आहे. 2002 साली ही गाडी आली. तिच्यामागचा माणूस फर्डिनांड पिएख, फोक्सवॅगनचा तेव्हाचा प्रमुख, आणि गाडीतलं कळणारा, अगदी हाडाचा इंजिनिअर. असं सांगतात की त्यानं टीमपुढे ज्या अटी ठेवल्या त्यातली एक अशी होती की बाहेर 50 डिग्री तापमान असताना गाडी दिवसभर 300 किलोमीटरच्या वेगानं पळाली पाहिजे आणि आत मात्र 22 डिग्रीच राहिलं पाहिजे. आता गंमत बघा, विकताना त्या गाडीचा वेग 250 वर लॉक केलेला होता, म्हणजे 300 कोणी चालवणारच नव्हतं, तरी अट ती होती. आणि ती अट एसीमध्ये दिसायची. डॅशबोर्डवर लाकडाची अखंड पट्टी, कुठे जाळी नाही, भोक नाही, आणि जोराचा वारा हवा असेल तेव्हाच ते लाकडी झाकण मोटरवर हळूच उघडायचं आणि मागून व्हेंट बाहेर यायचे. काम झालं की परत बंद. चार जणांना चार वेगळी तापमानं, आणि अंगावर थेट झोत नाही.

कारखाना तर त्याहून वरचढ. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींची इमारत, आत मेपलच्या लाकडाची फरशी, पांढऱ्या कपड्यातले कामगार, आणि सुटे भाग ट्रकनं न येता शहराच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या निळ्या मालवाहू ट्राममधून यायचे. ज्यानं गाडी बुक केली त्यानं येऊन स्वतःची गाडी बनताना बघावी अशी सोय होती. वरच्या मॉडेलला 12 सिलिंडरचं इंजिन, आणि खालचा सांगाडा बेंटलीच्या काँटिनेंटल जीटीशी नातं सांगणारा. म्हणजे इंजिनिअरिंगमध्ये कुठेही हात आखडता घेतलेला नव्हता.

आणि तरी गाडी चालली नाही. वर्षाला 20 हजार विकायचं स्वप्न होतं, 2016 मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा सगळ्या वर्षांच्या मिळून साधारण 84 हजार गाड्या झाल्या होत्या. अमेरिकेतून तर 2006 मध्येच माघार घेतली. बर्नस्टाइन रिसर्चच्या विश्लेषकांनी 2013 मध्ये हिशोब मांडला, त्यांच्या अंदाजानं एका फेटॉनमागे कंपनीचं 28 हजार युरोच्या आसपास नुकसान होत होतं. कारण काय? बाहेरून बघितली तर ती फोक्सवॅगनचीच साधी पसाट सेडान जरा मोठी झाल्यासारखी दिसायची, पुढे तेच व्हीडब्ल्यूचं चिन्ह, आणि अनेक ठिकाणी शोरूमही तीच, जिथे शेजारी पोलो आणि गोल्फ उभ्या. नाकापेक्षा मोती जड झाला. शिवाय त्याच घरात ऑडी ए8 होतीच, मग ज्याला त्या समूहाचीच मोठी गाडी हवी होती त्यानं फेटॉन का घ्यावी, याचं उत्तर सेल्समनकडेही नव्हतं.

इथे एक गोष्ट मला खरंच विचार करायला लावते. ऑडीला वर नेणारा माणूसही हाच पिएख होता. ऑडी फोक्सवॅगनकडे साठच्या दशकात आली तेव्हा तिचं नाव मर्सिडीजच्या शेजारी घ्यावं असं काहीच नव्हतं. मग 1980 मध्ये क्वाट्रो आली, चारही चाकांना ताकद, रॅलीच्या शर्यतींमध्ये तिनं भल्याभल्यांना मागे टाकलं, पुढे 1988 मध्ये मोठी व्ही8 सेडान आणि 1994 मध्ये अॅल्युमिनियमच्या बॉडीची ए8. पायरीपायरीनं, आणि प्रत्येक पायरीवर दाखवायला काहीतरी. तिथे त्यानं वेळ दिला, फेटॉनच्या वेळी एका उडीत वर पोचायचं होतं. तंत्र होतं, पैसा होता, फक्त मधली वर्षं नव्हती.

आता टोयोटाकडे येऊ. 1983 मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एइजी टोयोदांनी आपल्या लोकांना विचारलं की जगातल्या उत्तम गाड्यांना आव्हान देईल अशी लक्झरी गाडी आपण बनवू शकतो का. पुढची सहा वर्षं गेली, सुमारे 450 प्रोटोटाइप झाले, 1 अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला, आणि जानेवारी 1989 मध्ये डेट्रॉइटच्या शोमध्ये लेक्सस या टोयोटाच्या नव्या, वेगळ्या ब्रँडची एलएस 400 उभी राहिली. किंमत 35 हजार डॉलर, म्हणजे जर्मन गाड्यांपेक्षा बरीच कमी. जाहिरात काय केली तर गाडी रोलरवर जोरात पळतीये आणि बोनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचलेला, एक ग्लास हलत नाही.

पण माझ्या मते लेक्सस त्या जाहिरातीमुळे उभी राहिली नाही. गाडी बाजारात येऊन तीन महिने होतात न होतात तोच तक्रारी आल्या, अगदी मोजक्या, क्रूझ कंट्रोलची आणि मागच्या ब्रेकलाइटचं प्लास्टिक तापून वाकतंय अशी. नव्या ब्रँडला हा मोठा धक्का असतो, कोणीही दाबून ठेवलं असतं. कंपनीनं तोवर विकलेल्या सगळ्या, म्हणजे 8 हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. बोलावल्या म्हणजे काय, मालकाला फोन करून त्याच्या दारातून गाडी नेली, दुरुस्त केली, धुवून पुसून टाकी फुल करून परत दारात आणून लावली, आणि तीन आठवड्यांच्या आत काम उरकलं. ज्या माणसानं नवखं नाव बघून पैसे टाकले होते त्याला त्या दिवशी कळलं की आपण काय विकत घेतलंय. आता हे सगळं टोयोटाच्या नेहमीच्या काउंटरवर, जिथे कोरोलावाल्यांची रांग लागलेली असते, तिथे शक्य होतं का? मला नाही वाटत. वेगळी शोरूम लागते ती या वागणुकीसाठी.

इथे कोणी जाणकार श्रोता म्हणेल की जपानमध्ये तर हीच गाडी टोयोटा सेल्सियर म्हणून विकली, 2005 पर्यंत तिथे लेक्सस नावच नव्हतं, आणि चांगली चालली. बरोबर आहे. पण जपानमधल्या माणसाच्या डोक्यात टोयोटाचा जिना आधीपासून बांधलेला होता, 1955 पासून क्राउन होती, 1967 पासून त्याहून वरची सेंच्युरी होती, आणि वेगवेगळ्या गाड्यांसाठी वेगवेगळ्या डीलरच्या साखळ्या होत्या. बाकी जगात लोकांनी टोयोटाची फक्त खालची पायरी बघितली होती.

आता पैशाचं बघू, कारण मला वाटतं खरी मेख इथे आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. लोक म्हणतात चिन्हासाठी पैसे मोजणं म्हणजे नुसता दिखावा. तसं नाहीये. अनेक देशांत महागड्या गाड्या मोठ्या प्रमाणावर लीजवर, म्हणजे ठराविक वर्षांसाठी मासिक हप्त्यानं भाड्यावर जातात, आणि लीजचा हप्ता ठरतो तो मुख्यतः गाडीची आजची किंमत आणि तीन वर्षांनंतरची किंमत यातल्या फरकावर. समजा, फक्त उदाहरण म्हणून, दोन गाड्या दोन्ही 80 हजार डॉलरच्या, एक नावाजलेली, तीन वर्षांनी ती 45 हजारांना जाते, दुसरी साध्या नावाची, ती 30 हजारांना. म्हणजे पहिल्यात 35 हजार गेले, दुसऱ्यात 50. गाडी तितकीच चांगली, कदाचित जास्त चांगली, आणि तरी दर महिन्याचा हप्ता साध्या नावालाच जास्त. मग कंपनी काय करते, सूट देते. सूट दिली की जुन्या गाडीचा भाव अजून पडतो, की परत सूट. या चक्रातून बाहेर पडणं फार अवघड. पहिला गिऱ्हाईक शोरूममध्ये उभा असतो पण किंमत ठरवणारा दुसरा गिऱ्हाईक, जो तीन वर्षांनी सेकंडहँड घेणार आहे, आणि त्याला लाकडी व्हेंटचं कौतुक नसतं, त्याला भीती असते की याचे पार्ट कोण देणार.

पण मग एक कोडं उरतं. फेटॉन ज्या वर्षी आली त्याच 2002 मध्ये, त्याच कंपनीनं, त्याच चिन्हाखाली, टुआरेग नावाची मोठी महागडी एसयूव्ही आणली. ती तीन पिढ्या चालली आणि 10 लाखांच्या वर विकली गेली. चिन्ह तेच! फरक एवढाच की टुआरेग काम करून दाखवायची. 2006 मध्ये डिझेल टुआरेगनं 155 टनांचं बोइंग 747 विमान ओढून दाखवलं, वजनासाठी गाडीत जास्तीचा भार भरला होता हे खरं, पण विमान हललं आणि 150 मीटर गेलं. अशा गाडीच्या मालकाला कोणी विचारत नाही की बाबा मर्सिडीज का नाही घेतलीस. टोयोटाची लँड क्रूझर घ्या, वाळवंटात भरवशानं चालते म्हणून लोक भरपूर पैसे मोजतात. फोर्डचा एफ 150 पिकअप घ्या, किंग रँच आणि प्लॅटिनम मॉडेलमध्ये आत लेदरच लेदर, किंमत लक्झरी सेडानएवढी, आणि घेणाऱ्याला फोर्ड नावाचा संकोच नाही, उलट अभिमान. शेव्हरोलेट 1953 पासून कोर्व्हेट ही स्पोर्ट्स कार विकतीये. ओढणं, चढणं, पळणं हे डोळ्यांना दिसतं. मोठी सेडान मात्र शांतता आणि आराम विकते, आणि ते फक्त आत बसलेल्यालाच कळतं. बाहेरच्याला चिन्हच दिसतं.

ह्युंदाईनं हे सगळं अनुभवातून शिकून घेतलं आणि मला या कंपनीचं मनापासून कौतुक आहे. 2008 मध्ये त्यांनी जेनेसिस सेडान काढली, अमेरिकेत 2009 ची कार ऑफ द इयर झाली. पण जरा जवळून बघा, अमेरिकेत विकलेल्या त्या गाडीच्या पुढच्या ग्रिलवर ह्युंदाईचं चिन्हच नव्हतं, ते फक्त मागे डिकीवर. म्हणजे कंपनीला स्वतःलाच प्रश्न पडला होता. मग इक्वस ही त्याहून मोठी सेडान आली, घरून गाडी नेऊन सर्व्हिस करायची सोय दिली, मॅन्युअल आयपॅडवर दिलं, पण शोरूम ह्युंदाईचीच. शेवटी नोव्हेंबर 2015 मध्ये जेनेसिस वेगळा ब्रँड केला. तरीही लगेच काही झालं नाही, 2018 मध्ये अमेरिकेतली विक्री जवळपास निम्म्यावर आली, डीलरशिप कोणाला द्यायची यावरून घोळ आणि दुकानात पुरेशा गाड्याच नाहीत. कंपनीनं कच खाल्ली नाही. 2020 मध्ये जीव्ही80 एसयूव्ही आली आणि गाडं रुळावर आलं, 2023 मध्ये जगभरातली ब्रँडच्या सुरुवातीपासूनची एकूण विक्री 10 लाखांच्या पुढे गेली. पहिल्या सेडानपासून मोजलं तर पंधरा वर्षं.

नुसतं वेगळं नाव ठेवलं की भागलं असंही नाही. निस्साननं लेक्ससच्याच वर्षी इन्फिनिटी काढली आणि 2020 मध्ये पश्चिम युरोपातून ती गुंडाळली. माझदाचा अमाती ब्रँड तर गाडी बाजारात येण्याआधीच 1992 मध्ये बंद झाला. फोर्डनं तयार नावंच विकत घेतली, जॅग्वार, व्होल्व्हो, लँड रोव्हर, आणि मग जॅग्वार एक्स टाइप फोर्डच्याच साध्या मोंडेओच्या सांगाड्यावर उभी केली, लोकांना ते कळलं, आणि 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर टाटांना विकून टाकली.

चीनच्या बीवायडीनं मात्र हा इतिहास वाचलेला दिसतो. स्वस्त इलेक्ट्रिक गाड्यांचं नाव असताना त्यांनी 2023 मध्ये महागड्या गाड्यांसाठी यांगवांग हा ब्रँड पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवला, आणि त्याची यू8 ही एसयूव्ही पाण्यावर तरंगू शकते. म्हणजे वेगळं नावही आणि डोळ्यांना दिसणारी करामतही. सेकंडहँड बाजारात या गाडीला काय भाव मिळतो ते अजून काही वर्षांनी कळेल, आणि मी तरी विक्रीच्या आकड्यांपेक्षा त्या भावाकडेच लक्ष ठेवून असणार आहे.

नमस्कार.