थंडीतलं बेळगाव: पायात अथणीची चप्पल, केसांत शेवंती

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस सरला, दिवाळी उरकली, भाताची मळणी आटोपत आली, की आपल्या बेळगावला जी कळा येते ती वर्षभरात पुन्हा येत नाही. गाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर. मार्गशीर्ष-पौषात पहाटे पारा 12-13 अंशांपर्यंत उतरतो, आणि कॅम्पातल्या झाडांखाली नऊ वाजले तरी ऊन कोवळंच असतं. या दिवसांत आपल्या पेठेत जे उत्तम मिळतं, ते याच दिवसांत घरी आणावं आणि रोज वापरावं, हे सांगायला मी आज आले आहे. ‘लग्नकार्यात घालू’ म्हणून कपाटात ठेवलेली वस्तू पाहिली की मला फार वाईट वाटतं.

सुरुवात पायांपासून करते. पावसाळाभर रबरी चपलेवर निभावलं, आता चामड्याची काढायचे दिवस. आपण तिला कोल्हापुरी म्हणतो, आणि कोल्हापूरचा तो मान आहेच. पण ती आपल्या जिल्ह्यातही घडते. अथणीला जाऊन बघा, घराघरांत काम चालू असतं. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मला त्या यादीचा अभिमान वाटतो. सीमेच्या दोन्ही अंगांना हात तेच, आरी तीच, टाकाही तोच.

2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये अशाच चपला झळकल्या. कारागिरांचं नावही घेतलं नव्हतं. इथून आवाज उठला, तेव्हा कंपनीनं मान्य केलं की घडण भारतातल्या या पारंपरिक चपलांवरूनच सुचली आहे. त्या आठवड्यात जो तो कोल्हापुरीबद्दल बोलत होता. मला वाटलं, बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जरी एकेक जोड विकत घेतला, तरी अथणीच्या गल्लीत वर्षाचं काम येईल.

विकत घेताना चप्पल आधी उलटी करा. तळाकडे बघा. खऱ्या हातघडणीच्या चपलेला खिळा नसतो. चामड्याच्याच बारीक वादीनं ती शिवलेली असते, आणि हे टाके हातानं घातल्यामुळे किंचित पुढंमागं असतात. मग नाकाजवळ न्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला मातकट, तुरट वास येतो. रंगाचा किंवा डिंकाचा उग्र दर्प आला तर ठेवून द्या. मग बाजूचे कान बघा, वरची वेणी बघा. ही वेणी विणणं आणि बारीक शिवण हे बऱ्याच घरांत बायकांचं काम. चामडं कापणारा, तळ ठोकणारा आपल्याला दिसतो. वेणी घालणारी आत उंबऱ्यापाशी बसलेली असते. पैसे देताना तिचीही आठवण ठेवा आणि उगीच घासाघीस करू नका.

नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. पट्ट्याला आतून खोबरेल चोळा, रात्रभर ठेवा, आणि घरातल्या घरात घालून फिरा. महिन्याभरात तळावर तुमच्याच पावलाचा ठसा उठतो. मग ती दुसऱ्या कुणाच्या पायाला नीट बसत नाही.

आता अंगावरचं. थंडी आली म्हणून जाड, काळपट जाकिटात गुरफटून बसायचं कारण नाही. खडेबाजारात गुळेदगुड्डचा खण मिळतो. दाट विणीचा, बारीक बुट्ट्यांचा, गडद रंगांत जरा चमक मारणारा. पूर्वी त्याची चोळी शिवत. आता अस्तर लावून त्याचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून घ्या. साध्या सुती कुर्त्यावर ते इतकं खुलतं की गळ्यात काही घालावं लागत नाही. खणाचा पन्हा लहान असतो, तेव्हा शिंप्याला आधी विचारूनच कापड घ्या. आणि वडगाव-खासबागेत साड्या विणल्या जातात, मागांची खटखट रस्त्यावर ऐकू येते. तिकडेही एकदा चक्कर टाका.

केसांत शेवंती. हे तिचेच दिवस. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला घेतो, तेव्हा दोन फुलं जास्तीची घ्या. पिवळ्या शेवंतीत मरव्याची काडी गुंफून घेतली की संध्याकाळपर्यंत वास राहतो. फुलवाली कानडीत हाक मारते, ‘अक्का, बर्री!’ म्हणजे ‘ताई, या!’ आणि पुढचा सगळा भाव मराठीत होतो. आपल्या गावाचं हे बोलणं मला जगातल्या कुठल्याही शहरापेक्षा प्यारं आहे.

खाण्याबद्दल मात्र एकाच गोष्टीवर अडून बसणार आहे. कुंदा बाराही महिने आहे, रताळी नवरात्रापासून बाजारात आहेत. पण बेळगावी बासमतीचा नवा तांदूळ आत्ताच येतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या काळ्या शिवारातला. शिजताना त्याचा वास शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातो. बाकीच्या वाणांचा उतारा जास्त, म्हणून शेतकरी तिकडे वळले आणि बासमतीचं क्षेत्र घटत गेलं. आपण मागितला तरच तो कुणीतरी पेरणार. तेव्हा जमल्यास थेट शेतकऱ्याकडून घ्या. नव्या तांदळाला पाणी थोडं कमी घाला, नाहीतर भात गिजगा होतो. सोबत तिथलीच मसूर, लसणीची फोडणी, वर तूप.

येत्या शनिवारी बाजाराला निघालात तर कापडी पिशव्या दोन घ्या, एक तांदळाला आणि एक चपलांना. चपला प्लॅस्टिकमध्ये बांधून कधी ठेवू नका, चामड्याला बुरशी धरते. मृगाच्या आधी पुसून, तेलाचा हात फिरवून, जुन्या सुती कापडात गुंडाळून माळ्यावर टाका. तोवर रोज घाला.

नमस्कार.