अर्ज जिंकतो, शाळेचं काय?

मित्रहो, सरकारने शाळांना पैसा कसा द्यावा? मुलांची संख्या आणि गरिबी पाहून सगळ्यांना सूत्राप्रमाणे, की स्पर्धा लावून पहिल्या आलेल्यांना? निवडक सरकारी शाळांना निधी देणारी केंद्र सरकारची पीएम श्री आणि शाळांत स्पर्धा लावून बक्षीस देणारी राज्याची ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या योजनांमुळे हा प्रश्न आता आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदांपर्यंत येऊन पोचला आहे. तो नीट समजून घ्यायचा तर आधी अमेरिकेत जायला हवं, कारण तिथे हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याची कागदपत्रं सगळ्यांसाठी खुली आहेत.

अमेरिकेत शाळा चालवणं हे राज्यांचं आणि स्थानिक मंडळांचं काम. केंद्र सरकारचा वाटा थोडाच, आणि तोही १९६५ च्या कायद्यापासून मुख्यतः गरीब मुलांच्या संख्येवर वाटला जायचा. २००८ ची मंदी आली आणि राज्यांच्या तिजोऱ्या आटल्या. हवाईमध्ये तर २००९-१० साली पगार वाचवण्यासाठी कित्येक शुक्रवारी शाळाच बंद ठेवल्या. नेमक्या त्या वेळी, जुलै २००९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांनी ‘रेस टू द टॉप’ जाहीर केली. रक्कम ४३५ कोटी डॉलर. राज्यांनी अर्ज करायचे, पाच परीक्षकांनी ५०० पैकी गुण द्यायचे, वरच्यांना पैसा मिळणार, बाकीच्यांना काही नाही.

गुण कशाला होते ते बघा. शिक्षक आणि मुख्याध्यापक या विभागाला सर्वाधिक, १३८. त्यात कळीचा मुद्दा असा की शिक्षकाचं मूल्यमापन मुलांच्या चाचणीतल्या प्रगतीशी जोडायचं. अभ्यासाचे समान निकष, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलांना काय यावं याचे राज्याराज्यांत सारखे मापदंड, स्वीकारले की गुण. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणाऱ्या शाळा; त्यांच्या संख्येवरची मर्यादा सैल केली की गुण. अगदी मागे पडलेल्या शाळांसाठी ५०. राज्यात गरीब मुलं किती, शाळांची छपरं गळतात का, याला गुण नव्हते. गरज मोजलीच जात नव्हती. मोजली जात होती ती तयारी आणि संमती.

राज्यं धावली. ज्या राज्यांना एरवी एक शिक्षण कायदा बदलायला वर्षानुवर्षं लागतात, त्यांनी तो काही महिन्यांत बदलला. न्यूयॉर्कने चार्टर शाळांची मर्यादा २०० वरून ४६० केली. केंटकीने तर समान निकषांचा अंतिम मसुदा हाती येण्याआधीच ते मंजूर करून टाकले. पहिल्या फेरीत ४० राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन, एवढ्यांनी अर्ज केले. मार्च २०१० मध्ये जिंकली फक्त दोन राज्यं, डेलावेअर आणि टेनेसी. पैसा एकूण शालेय खर्चाच्या एक टक्काही नव्हता, पण तिजोरी रिकामी असताना एक टक्क्यासाठीही माणूस सही करतो. माझी या योजनेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. अडचणीत असलेल्याला स्पर्धेत उतरवलं की तो जे कबूल करतो ते पटलं म्हणून केलं की नाइलाजाने, हे कळायला मार्ग उरत नाही.

आता न्यू जर्सीची हकिगत जरा सविस्तर सांगतो. दुसऱ्या फेरीत या राज्याने सुमारे ४० कोटी डॉलर मागितले होते. निकाल लागला ऑगस्ट २०१० मध्ये. शेवटचा विजेता ओहायो, ४४०.८ गुण. न्यू जर्सी ४३७.८. तीन गुणांनी गेलं. गुण कुठे कापले हे पाहिलं तर एका प्रश्नात २००८ आणि २००९ या वर्षांचा शिक्षणावरचा खर्च विचारला होता, आणि अर्जात आकडे पुढच्या वर्षांचे भरले गेले. त्याचे ४.८ गुण गेले. आकडे बरोबर असते तर राज्य जिंकलं असतं. राज्यपाल क्रिस ख्रिस्ती यांनी शिक्षण आयुक्तांना पदावरून काढलं. या सगळ्यात न्यू जर्सीतल्या एकाही वर्गातलं काहीच बदललेलं नव्हतं. मुलं तीच, शिक्षक तेच, गरजही तीच. चुकला होता फक्त एक कागद.

आणि कागद लिहायला माणसं लागतात. गेट्स फाउंडेशनने आधी निवडक पंधरा राज्यांना सल्लागार नेमण्यासाठी प्रत्येकी अडीच लाख डॉलरपर्यंत मदत दिली. ओरड झाल्यावर ती इतरांनाही खुली केली. पहिल्या दोन फेऱ्यांचे बारा विजेते नकाशावर मांडून पाहा: हवाई सोडलं तर सगळे मिसिसिपी नदीच्या पूर्वेला. पश्चिमेकडच्या विरळ वस्तीच्या राज्यांत, जिथे शाळा-शाळांत मैलोन्‌मैल अंतर आहे, तिथे त्या दोन फेऱ्यांत काही गेलं नाही. कोलोरॅडोने शिक्षकाचं निम्मं मूल्यमापन मुलांच्या प्रगतीवर ठेवणारा कायदा केला, घरातली भांडणं ओढवून घेतली, आणि तरी हरलं. पुढे तिसऱ्या फेरीत थोडंफार मिळालं, पण कायदा मात्र आधीच होऊन बसला होता.

जिंकलेल्यांचं काय झालं? टेनेसीमध्ये चित्रकला, संगीत आणि अगदी लहान वर्गांच्या शिक्षकांच्या विषयांची राज्यपातळीवर चाचणीच नव्हती. मग त्यांच्या मूल्यमापनात संपूर्ण शाळेचे गुण धरले गेले. म्हणजे संगीत शिकवणाऱ्या बाईंचा दर्जा दुसऱ्याच वर्गातल्या मुलांच्या गणितावरून ठरायचा. हे अन्यायाचं आहे, त्याला दुसरा शब्द नाही. तरीही २०१३ च्या राष्ट्रीय चाचणीत टेनेसीची वाढ देशात उठून दिसली, हेही सांगितलं पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली तिसरी ते आठवीच्या साधारण वीस टक्के मुलांना पालकांनी चाचणीलाच बसवलं नाही, आणि गुणांवरून शिक्षकांना जोखणं सरकारला स्थगित करावं लागलं. २०१६ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याच्याच संशोधन संस्थेचा अहवाल आला. या योजनेमुळे मुलांचं शिकणं सुधारलं की नाही हे स्पष्ट सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष.

आता आपल्याकडे या. पीएम श्री सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली. १४,५०० हून अधिक शाळा, २७,३६० कोटी रुपये. निवड ‘चॅलेंज’ पद्धतीने. आधी राज्याने राष्ट्रीय शिक्षण धोरण राबवण्याचा करार करायचा, मग यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीच्या, माहितीवरून पात्र शाळा ठरणार, मग त्या शाळांनी ऑनलाइन अर्ज करायचा. तमिळनाडूने करार केला नाही, शाळांसाठीच्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेचा निधी अडला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. संमतीचा तोच प्रश्न.

पात्रतेच्या अटींत पक्की इमारत आहे, रॅम्प आहे, मुलामुलींची स्वच्छतागृहं आहेत, आणि राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त पटसंख्याही आहे. म्हणजे मेळघाटातली किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची वीस पटाची द्विशिक्षकी शाळा अर्जाच्या पानापर्यंतही पोचत नाही. तिथले गुरुजी दोन-दोन इयत्ता एकत्र घेतात, पोषण आहाराची नोंद ठेवतात, निवडणुकीच्या यादीचं काम करतात. ‘सुंदर शाळा’साठी फोटो अपलोड करायचे तर नेटवर्क शोधत टेकडीवर जायचे. त्याच स्पर्धेत २०२३-२४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या शाळेला राज्यपातळीवर ५१ लाखांचं बक्षीस होतं. जिंकलेल्या शाळांचं कौतुक मनापासून करावं, कित्येक ठिकाणी गावाने लोकवर्गणी काढून काम उभं केलेलं असतं. पण ज्या शाळेची भिंत खचली आहे तिला स्पर्धेत भाग घ्या असं सांगणं मला मान्य नाही. भिंत, पाणी, स्वच्छतागृह आणि पुरेसे शिक्षक हे सूत्राने, न मागता मिळायला हवं. स्पर्धा ठेवायचीच असेल तर त्यावरच्या पैशासाठी, आणि अर्ज भरून देण्याची जबाबदारी केंद्रप्रमुखाच्या, म्हणजे शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पातळीवर घेऊन.

अमेरिकेकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी. तिथे प्रत्येक अर्ज, प्रत्येक परीक्षकाचे गुण आणि शेरे प्रसिद्ध केले गेले. म्हणून तर न्यू जर्सीची चूक सगळ्यांना दिसली. आपल्या तालुक्यात कोणत्या शाळेला किती गुण पडले, का पडले, आणि कोणत्या शाळा अर्जाच्या आधीच वगळल्या गेल्या, ही यादी शाळा व्यवस्थापन समिती मागू शकते. पुढच्या बैठकीत तसा ठराव घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घेऊन ठेवा. यादीतल्या शेवटच्या शाळेपासून जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाची मागणी लिहायला बसू.